सिगारेटचा धूर आणि व्हेपची वाफ: धोका कमी म्हणजे नेमका किती कमी?

शमीवृक्ष (धागाकर्ता)

सिगारेट आणि व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) यांची तुलना निघाली, की ‘दोन्ही सारखेच वाईट’ असे म्हणून विषय मिटवला जातो. हे मत मला चुकीचे वाटते. शिवाय सिगारेट सुटत नसलेल्या माणसाला ते आहे त्याच जागी अडकवून ठेवते, म्हणून घातकही वाटते. व्यसन लावते ते निकोटीन, पण जीव घेते ते मुख्यतः ज्वलन. झुरका घेताना सिगारेटचे टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात, ज्यांपैकी किमान ६९ कर्करोगजनक आहेत. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतो आणि टार, म्हणजे धुरातला चिकट काळा अंश, फुफ्फुसांत साचत जातो. व्हेपमध्ये तंबाखू जळतच नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादद्रव्ये यांचे द्रावण तापलेल्या तारेमुळे सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडते. म्हणूनच ब्रिटनमधील डॉक्टरांच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये असे मत मांडले, की व्हेपची दीर्घकालीन हानी सिगारेटच्या ५ टक्क्यांहून अधिक असण्याची शक्यता कमी आहे.

नीरक्षीर

असहमत. हा आकडा कोणी मोजलेला नाही. पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१५ मध्ये ‘९५ टक्के कमी हानिकारक’ असे म्हटले, तेव्हा त्यामागे २०१४ मधील एका तज्ज्ञगटाचा अंदाज होता, आणि एवढ्या तोकड्या आधारावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच कठोर टीका केली होती. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये दाखवला, तोवर सिगारेटी सर्रास ओढल्या जाऊ लागून कित्येक दशके लोटली होती. आजची ई-सिगारेट २००३ च्या सुमाराची. तार जास्त तापली की द्रावणातून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन तयार होतात, तारेतून निकेल आणि क्रोमियम उतरतात, निकोटीनमुळे नाडी आणि रक्तदाब वाढतात. धोका अजून दिसलेला नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

शमीवृक्ष

५ टक्के हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, हे मान्य. परंतु धोक्याची दिशा ठरवण्यासाठी चाळीस वर्षे थांबण्याची गरज नाही. पूर्णपणे व्हेपकडे वळलेल्यांच्या शरीरात अनेक विषारी द्रव्यांचे प्रमाण घटते, हे लघवी आणि रक्ताच्या तपासणीत दिसते. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक संस्थांच्या २०१८ च्या अहवालाने या मुद्द्यावर पुरावा निर्णायक मानला आहे.

पाऊलखूण

‘पूर्णपणे’ या शब्दाकडे कृपया दुर्लक्ष करू नका. मी बारा वर्षे रोज वीस सिगारेटी ओढत होतो. व्हेप घेतल्यावर तीन-चारवर आलो आणि धोका त्याच प्रमाणात घटला असे मानून वर्षभर निश्चिंत राहिलो. नंतर २०१८ चे एक विश्लेषण वाचनात आले: रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा भरतो. म्हणजे हृदयाच्या बाबतीत माझ्या पदरात फार थोडे पडले होते, आणि तरीही मला सिगारेट जवळजवळ सोडल्याचे समाधान वाटत होते.

मेघना_क

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे धडधाकट तरुण दगावले होते, त्याचे काय?

शमीवृक्ष

फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ मृत्यू झाले. त्या प्रकरणाचा मुख्य संबंध गांजातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य असलेल्या द्रावणांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी आढळला, नेहमीच्या निकोटीनच्या द्रावणाशी नव्हे. द्रावणात काय आहे हे ठाऊक नसताना ते फुफ्फुसात ओढणे किती भयंकर ठरू शकते, हे मात्र त्यातून पुरते स्पष्ट झाले.

नीरक्षीर

आणि ज्याने सिगारेटला कधी हातही लावलेला नाही, त्या पंधरा वर्षांच्या मुलाची तुलना कोणाशी करायची? त्याच्यासाठी व्हेपची तुलना स्वच्छ हवेशीच व्हायला हवी. निकोटीन सॉल्टमुळे (आम्ल मिसळून सौम्य केलेल्या निकोटीनमुळे) घशाला टोचणी कमी लागते, त्यामुळे तीव्र मात्राही सहज ओढली जाते, तीही मेंदूची वाढ चालू असताना. तुम्ही उल्लेखलेल्या २०१८ च्याच अहवालाने व्हेप ओढणारी मुले पुढे सिगारेट ओढून पाहण्याचा धोका वाढतो, असे म्हटले आहे. प्रौढांचेही पाहा. ब्रिटनमधील २०१९ च्या चाचणीत वर्षाअखेर व्हेपवाल्या गटातील १८ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती आणि निकोटीनचे पॅच, गम वगैरे घेणाऱ्यांत ९.९ टक्क्यांची, पण व्हेपच्या आधारे सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक तेव्हाही व्हेप ओढतच होते.

शमीवृक्ष

मुलांबाबत आपल्यात मतभेद नाही. त्यांच्या हाती ते पडूच नये. प्रौढाच्या बाबतीत मात्र, सिगारेट सुटून व्हेप उरलेला माणूस मी अपयशी मानणार नाही.

पाऊलखूण

माझी शेवटची सिगारेट चौदा महिन्यांपूर्वीची. व्हेप अजून सुटलेले नाही, पण द्रावणातील निकोटीन मिलिलिटरमागे १२ मिलिग्रॅमवरून ६ वर आणले आहे. जेवणानंतरची तलफ अजूनही येते.