मदत हवी आहे: बिझनेस ग्रुपची फी भरू का नको? सोमवारी उत्तर द्यायचंय

डाळमिलवाला: नमस्कार मंडळी. यवतमाळले एका नेटवर्किंग ग्रुपच्या मिटिंगला पाहुणा म्हणून गेलो होतो. ते म्हणतात वर्षाची फी भरा, दर आठवड्याला सकाळी सात वाजता या, मेंबर एकमेकाले गिऱ्हाईक देतात. इकडे माल पडून आहे अन् बँकेचा हप्ता काही थांबत नाही. भरू का नको एवढंच सांगा, लवकर.

हिशेबवाला: फी किती? गाव कोणतं? मालाची विक्री पाकिटात की पोत्यात? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

लोखंडी_भाऊ: बिनधास्त भर. माझं अमरावतीत फॅब्रिकेशन आहे, असाच ग्रुप. एका धंद्याचा एकच मेंबर घेतात म्हणून खोलीत दुसरा वेल्डर नसतो. आर्किटेक्ट अन् सिमेंटवाला मले तिथंच भेटले, शेडची कामं अजून त्यांच्याकडूनच येतात. पण सुरुवातीला बरेच महिने काहीच आलं नाही, हेही लक्षात ठेव.

डाळमिलवाला: दारव्ह्याजवळ. तूर डाळ, पीकेव्हीची (अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची) मिनी मिल आहे. फी भरली तर एका महिन्याचा हप्ता जाईल एवढी आहे.

तुरीचा_शेतकरी: मग काऊन भरता राजेहो? शेड-गेट घेणारा माणूस शहरात हाये, डाळ खाणारा तुमच्या गावात हाये. सात वाजता यवतमाळले पोचायचं म्हणजे पहाटेच निघा, तूर भिजवली असंल तर वाळत कोण घालंल?

लोखंडी_भाऊ: भाऊ, डाळ गावातच विकून हप्ता निघत असता तर त्यानं इथं विचारलंच नसतं. त्याच ग्रुपात हॉटेलवाला, केटरर, हॉस्टेलवाला असतो, तोच त्याचा गिऱ्हाईक.

योजनाप्रेमी: पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया धंद्यांसाठी केंद्राची) योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं, कमाल १० लाख. अजून सुरू आहे का, जिल्हा कृषी कार्यालयात चौकशी करा.

डाळमिलवाला: साहेब मशीन घेऊन झाली, गिऱ्हाईक सांगा.

बचतगटाची_ताई: दादा, आमचा मसाल्याचा गट आहे, अनुभव सांगते. ओळख वाढवायची तर आधी आचाऱ्यांना भेटा. लग्नात डाळ कोणती आणायची ते यादी लिहून देणारा आचारी ठरवतो. आम्ही एका आचाऱ्याला तिखट-हळदीची पाकिटं वापरायला दिली, पुढच्या लग्नाच्या यादीत त्यानं आमचंच नाव लिहिलं, अन् मग त्याच्या ओळखीचे दुसरे आचारी फोन करायला लागले. तुमच्या पाकिटावर एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर अन् पॅकिंगची तारीख आहे ना?

डाळमिलवाला: नंबर आहे, तारीख नाही. साध्या पन्नीत देतो.

बचतगटाची_ताई: मग आधी ते करा. शहरातला हॉटेलवाला मिटिंगमध्ये गोड बोलेल, पण पन्नीतली डाळ घेणार नाही.

हिशेबवाला: ताईंशी सहमत. अजून एक, ओळखीत धंदा म्हणजे उधारी येणार. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, फुकट होते. २००६ च्या एमएसएमई (लहान उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. बिल मात्र रीतसर पाहिजे.

तुरीचा_शेतकरी: ओळखीच्या माणसाले कायदा दाखवला तर ओळख राहील का?

हिशेबवाला: आधीच बिलावर मुदत छापली तर दाखवायची वेळच येत नाही.

लोखंडी_भाऊ: ताईंचं बरोबर आहे, मी पन्नीचा विचार केला नव्हता. पण डाळमिलवाले, पाकीट नीट झालं की अजून एकदा पाहुणा म्हणून जाता येतं का विचार, अन् केटररच्या हातात अर्धा किलो दे. पुढं त्याची ऑर्डर आली तर फी भर, नाही तर सोड.

डाळमिलवाला: सोमवारी थांबा म्हणून सांगतो मग. दारव्हा-दिग्रसकडचे आचारी कोणाच्या ओळखीत असतील तर मेसेज करा. लग्नसराईच्या आत पाकिटं छापतो.

तुरीचा_शेतकरी: डाळीची चुनी (मिलमधला चुरा) काय भाव देता? दोन म्हशी हायेत.