मदत हवी आहे: लाळेच्या तपासणीवर भागेल का?

नमस्कार मंडळी, आम्ही हर्णैचे. बाबांचा जन्म होडीवर गेला, गालात तंबाखू-चुन्याची गोळी कायम. नेमका तिथेच २ महिन्यांपासून पांढरा चट्टा आहे. आता कडेने लालसर झालाय, माशाचं कालवणही झोंबतं. डॉक्टर म्हणतात, तुकडा काढून बायॉप्सी करा. बाबा ऐकतच नाहीत.

भावाने वाचलं की तोंडाचा कॅन्सर असेल तर लाळेत आयएल-८ (सूज आली की वाढणारं प्रथिन) आणि रक्तात सायफ्रा २१-१ (कॅन्सरची खूण मानलं जाणारं प्रथिन) वाढलेलं दिसतं, मग कापायचं कशाला? पण आयएल-८ तर हिरड्या सुजल्या तरी वाढतं, आणि बाबांच्या हिरड्या खराबच आहेत. मला हे पटत नाही.

कुणी या तपासण्या केल्यात का? बायॉप्सीला जवळ डेरवणच्या हॉस्पिटलला न्यावं की थेट परळला टाटाला? आणि घरच्या हट्टी माणसाला तुम्ही कसं तयार केलंत, तेही सांगा.