सोनेगावचे बोइंग 720 आणि भंगाराचा हिशेब

सोनेगावकर
काल 'हिशेबी' यांनी येथे लिहिले की, विमानतळांवर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या विमानांची छायाचित्रे काढून हळवे होणारे रिकामटेकडे लोक दुसऱ्याच्या बुडीत धंद्याचे कौतुक करतात, आणि अशी विमाने सहा महिन्यांच्या आत कापून अॅल्युमिनियमच्या भावाने विकून टाकावीत. चार ओळींच्या प्रतिसादात माझे समाधान होईना, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

मी नागपूरचा. 1991 साली कॉन्टिनेन्टल एव्हिएशनचे एक बोइंग 720 आमच्या सोनेगाव विमानतळावर बिघाड होऊन उतरले आणि तेथून ते पुन्हा कधीच उडाले नाही. हे विमान म्हणजे बोइंग 707 चे आखूड भावंड. जगात एकूण 154 बनली. त्यांपैकी एक आमच्या गावच्या उन्हापावसात 24 वर्षे धावपट्टीशेजारी उभे राहिले. पहिल्यांदा विमानाने नागपूरला उतरलो, तेव्हा खिडकीतून तेच आधी दिसले. रंग उडून पांढुरका झालेला, आणि शेपटाच्या टोकावरून पुढे आलेली अँटेनाची सळई मात्र तशीच ताठ. संग्रहालयात दोरीपलीकडचे विमान पाहताना मला असे कधी वाटले नाही. येथे निघायच्या तयारीतच थांबलेले यंत्र समोर होते आणि ते का थांबले हे सांगणारी पाटी कोठेही नव्हती. या ओढीला रिकामटेकडेपणा म्हणणे मला मान्य नाही.

चौदा-बत्तीस
आपल्या भावना पोहोचल्या, पण ज्या जागेचे आपण वर्णन करता ती जागाच मुळात गैर होती. ते विमान धावपट्टीपासून सुमारे 90 मीटरवर होते. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा धावपट्टीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 150 मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा हवा. उतरणारे विमान ओल्या धावपट्टीवरून घसरून बाजूला गेले, तर त्याला थांबायला मोकळी जमीन मिळावी म्हणून हा नियम असतो. त्या जमिनीवर चार इंजिनांचे जेट विमान उभे करून आपण 24 वर्षे प्रवासी उतरवत होतो. 2015 मध्ये ते सुमारे 600 मीटर दूर, फ्लाइंग क्लबच्या हँगरजवळ हलवले, तेव्हा मला तरी सुटल्यासारखे वाटले. मी विमानतळाच्या कामात आयुष्य घालवले आहे, म्हणून हे आवर्जून लिहितो.

हिशेबी
माझ्या मूळ लेखातील मुद्दा सोनेगावकरांनी टाळला. जागेला भाडे असते. कोलकात्यात एअर इंडियाचे एक बोइंग 737-200 विमान 2012 पासून उभे होते आणि ते आपले आहे याचाच कंपनीला विसर पडला होता. 2025 मध्ये विमानतळाने ते हटवायला सांगितले, तेव्हा कोठे ते आपले असल्याचे उमगले, आणि सुमारे 1 कोटी रुपयांचे भाडे द्यावे लागले. क्वालालंपूरच्या विमानतळाला तर तीन बोइंग 747 च्या मालकांचा शोध घेण्यासाठी 2015 मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली होती. ज्याचे मालकाला भान नाही, त्याच्याविषयी तिऱ्हाइताने हळवे व्हावे यात मला काही उदात्त दिसत नाही.

सोनेगावकर
चौदा-बत्तीस, पट्ट्याचा मुद्दा मला मान्य करावाच लागतो. ते विमान तेथे असायला नको होते. मात्र ते हलवायला 24 वर्षे का लागली, याचे उत्तर विमानवेड्यांकडे मागू नका.

हिशेबी, कोलकात्याच्या उदाहरणाचा उत्तरार्ध आपण सोडून दिलात. ते 737 कापले गेले नाही. रस्त्याने बंगळुरूला गेले आणि आता देखभाल अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाणार आहे. आपला सहा महिन्यांचा नियम असता, तर हे घडले असते काय? गोव्यात बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन आहे. एअर इंडियाचे प्रवासी विमान, मग हवाई दल, मग नौदल, असा त्याचा प्रवास. भंगाराच्या भावाने विकायचे ठरवले असते, तर तेही केव्हाच वितळले असते.

हिशेबी
गोव्याच्या विमानाला नौदल नावाचा धनी होता. बेवारस आणि वारसा यांत हाच फरक आहे.

रात्रपाळी
एवढा वेळ केवळ वाचत होतो, आता लिहितो. अवांतर वाटले तरी चालेल.

मी एका खाजगी विमान कंपनीत मुंबईला तंत्रज्ञ होतो. नाव लिहीत नाही. उड्डाणे थांबल्यानंतरही आम्ही काही जण कामावर जात होतो, कारण उभ्या विमानाला उडत्या विमानापेक्षा कमी काम लागते हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. इंजिनांची तोंडे झाकायची, आत ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवायच्या आणि त्या बदलत राहायच्या. वेग मोजण्यासाठी हवा घेणाऱ्या पिटो नळ्यांवर लाल आवरणे चढवायची, नाहीतर कुंभारमाश्या आत मातीची घरटी करतात. चाके ठरावीक दिवसांनी थोडी फिरवायची, नाहीतर टायर खालून बसतो. हे सर्व आम्ही पाच महिने पगाराविना केले. जून उजाडला आणि एकेक जण यायचा बंद झाला. मग इंजिने उतरवून नेली आणि तोल राहावा म्हणून पंखांखाली काँक्रीटचे ठोकळे टांगले. सोनेगावकर, आपल्याला जेथे गूढ दिसते, तेथे मला मुलीची शाळेची फी थकलेली दिसते.

वकीलपेठ
रात्रपाळी यांचे दुःख खरे आहे, परंतु विमान आणि पगार यांची सांगड घालणे कायद्याला धरून नाही. आपल्याकडची बहुतेक विमाने भाड्याची असतात. ती कंपनीच्या मालमत्तेत मोडतच नाहीत, मग ती विकून पगार कोठून निघणार? गो फर्स्ट या विमान कंपनीची उड्डाणे 3 मे 2023 रोजी थांबली, दिवाळखोरी संहितेच्या कलम 14 खालील स्थगितीमुळे मालकांना आपलीच विमाने नेता येईनात, आणि एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 54 विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला, तेव्हा मार्ग मोकळा झाला. सुमारे वर्षभर ती विमाने धूळ खात होती. भाड्याने दिलेले विमान मालकाला परत मिळावे यासाठीच्या केपटाउन या आंतरराष्ट्रीय कराराला आपण 2008 मध्येच संमती दिली, पण त्यासाठीचा स्वतंत्र कायदा यायला 2025 उजाडले. हा उशीर टळला असता, तर छायाचित्रे काढायला विमानेच उरली नसती.

रात्रपाळी
आपण मला कायदा शिकवू नका. कामगारांची 24 महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरायची, असे त्याच संहितेच्या कलम 53 मध्ये आहे. पण भाड्याची विमाने गेल्यावर मागे उरते काय? खुर्च्या आणि संगणक. ज्याने विमान सांभाळले, त्याच्या हाती काही पडत नाही आणि परदेशातल्या मालकाने अर्ज केला की पाच कामकाजाच्या दिवसांत त्या विमानाची नोंदणी रद्द व्हावी, हा न्याय आपल्याला सरळ वाटत असेल, तर आपण कधी पगाराविना रात्रपाळी केलेली नाही.

वकीलपेठ
वैयक्तिक होण्याचे कारण नाही. मालकाला विमान परत मिळेल याची शाश्वती नसेल, तर तो पुढच्या कंपनीला जास्त भाडे लावतो आणि त्यातून नोकऱ्याच कमी होतात. तरीही संहितेत कामगारांचा हिस्सा कागदावर भक्कम आणि हातात पोकळ राहतो, एवढे मला नाकारता येत नाही.

चौदा-बत्तीस
धागा विमानांवरून दिवाळखोरीवर गेला आहे, तरी एक गोष्ट नोंदवतो. रात्रपाळी लिहितात ते काम मी धावपट्टीच्या पलीकडून पाहिले आहे. कंपनी बंद पडल्यावरही कोणीतरी शिडी लावून विमानाची आवरणे बदलत असे. ते कोणाच्या सांगण्यावरून, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

सोनेगावकर
रात्रपाळी, आपले लिहिणे वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही. मला ते गूढ वाटले, कारण थांबण्याचे कारण मला माहीत नव्हते. आपल्याला ते माहीत आहे. पण म्हणूनच ती विमाने तत्काळ नाहीशी व्हावीत, हे मला अजूनही पटत नाही. मुंबईहून निघताना धावपट्टीकडे जाणाऱ्या विमानाच्या खिडकीतून मी त्या काळात एक छायाचित्र काढले होते. इंजिने नसलेले विमान, पंखांखाली ठोकळे. ते ठोकळे कशासाठी, हे आज कळले. छायाचित्र खाली जोडत आहे.

रात्रपाळी
माझे मत बदललेले नाही. पगार बुडवणाऱ्याची विमाने मला शोभेची वाटत नाहीत आणि वाटणारही नाहीत.

छायाचित्र पाहिले. पुढच्या चाकाला लावलेला लाकडी ठोकळा पिवळा दिसतो आहे. आमच्या पाळीत एकाच ठोकळ्याला पिवळा रंग होता आणि तो मी दिला होता, कारण रात्री पाय अडखळत असे. येथे चित्र लहान आहे, नोंदणी क्रमांक वाचता येत नाही. मूळ आकाराचे असल्यास पाठवावे.