मदत हवी आहे: दाट धुराच्या मध्यभागी हार्प-२ मधून कण मोठे का निघतात?

क्षितिजरेषा: समुद्रावरून जाणाऱ्या वणव्याच्या धुरासाठी पेस उपग्रहावरच्या हार्प-२ (अनेक कोनांतून प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजणारं उपकरण) चा एल१सी डेटा (सगळे कोन एकाच जाळीवर बसवलेला) वापरते आहे. कडेला, एओडी (धुराच्या दाटपणाचं माप) ०.५ च्या आसपास, सगळं ठीक आहे: कणांची प्रभावी त्रिज्या ०.१५ मायक्रॉन. मध्यभागी एओडी २ च्या पुढे गेला की त्रिज्या एकदम वाढते आणि फिट बसत नाही. सर्वांत मोठी तफावत ४४० नॅनोमीटरला, प्रकीर्णन कोन (प्रकाश मूळ दिशेपासून किती वळला तो कोन) ९० अंशांजवळ असताना: मॉडेलचं ध्रुवीकरण मोजलेल्यापेक्षा जास्त येतं. थराची उंची २ किमी धरली आहे, समुद्रावरच्या सूर्याच्या चकाकीचा भाग वगळला आहे. ढगांचा दोष असेल का?

ध्रुवांश: ढग आधी तपासून घ्या. ८७० नॅनोमीटरचं ध्रुवित परावर्तन प्रकीर्णन कोनानुसार आलेखावर मांडा. १४० अंशांजवळ उंचवटा दिसला तर पाण्याचे थेंब आहेत, तो पिक्सेल सोडा.

पण तुमच्या वर्णनावरून संशय उंचीवर जातो. निळ्या पट्ट्यात ९० अंशांजवळचं ध्रुवीकरण मुख्यतः हवेच्या रेणूंचं असतं. धूर ८ किमीवर असेल तर खालच्या रेणूंचा प्रकाश तो झाकतो. मॉडेलमध्ये मात्र धूर २ किमीवर, म्हणजे त्याच्या वर भरपूर हवा शिल्लक. हा फरक भरून काढायला अल्गोरिदम कणांचा आकार ओढतो. उंची मोकळी सोडा, म्हणजे अल्गोरिदमलाच ती शोधू द्या. ४४० चा काल्पनिक अपवर्तनांकही (शोषणाचं माप) ६७० पासून वेगळा ठेवा, कारण धुरातला तपकिरी कार्बन निळा प्रकाश जास्त शोषतो.

शिवाय दाट धुरात ध्रुवित प्रकाश बहुतांशी वरच्याच भागातून येतो. ८७० ला जास्त वजन द्या: ५५० ला एओडी २ आणि अँगस्ट्रॉम घातांक (तरंगलांबीनुसार एओडी किती वेगाने घटतो ते सांगणारा) १.८ असेल, तर ८७० ला एओडी फक्त ०.९ च्या आसपास असतो, म्हणजे प्रकाश आणखी खोलवरून येतो.

क्षितिजरेषा: उंची मोकळी सोडल्यावर ४४० ची तफावत गेली, त्रिज्याही खाली आली. आता धुराच्या पट्ट्याच्या सीमेवर पुढचे आणि मागचे कोन जुळत नाहीत.

निरीक्षक_८७०: तो पॅरलॅक्स, म्हणजे तिरकं पाहिल्यावर उंचावरची वस्तू सरकलेली दिसणं. एल१सी ची जाळी पृष्ठभागाच्या पातळीवर बसवलेली असते. ८ किमीवरचा धूर ५० अंशांतून साधारण साडेनऊ किमी सरकतो, म्हणजे ५.२ किमीचे जवळपास दोन पिक्सेल. मागच्या कोनातून तेवढाच उलट दिशेला. मिळालेल्या उंचीवर कोन पुन्हा प्रक्षेपित करा, नाहीतर सीमेपासून चार पिक्सेल आतलेच घ्या. सरासरी काढायची तर क्यू आणि यू (ध्रुवीकरणाचे दोन घटक, जे ऋणही होतात) ची काढा, ध्रुवीकरणाच्या प्रमाणाची नको: ते कधीच ऋण होत नाही, त्यामुळे गोंगाट त्याला वरच ढकलतो.