अनुभव धागा : दुर्घटनेच्या जागी उभा असलेला कॅमेरा

नौपाडाकर :
मागच्या आठवड्यात ठाण्यातल्या एका छायाचित्रण वर्गातली मुले माझ्याकडे आली होती. शहराने पाहिलेल्या दुर्घटनांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे असे त्यांच्या मनात आहे, आणि मी बरीच वर्षे एका दैनिकासाठी छायाचित्रे काढत असल्यामुळे माझ्याकडची न छापलेली छायाचित्रे त्यांना हवी आहेत. त्यांच्यासाठी जुनी हार्ड डिस्क लावली आणि मुंब्र्याजवळच्या शीळफाट्याची ती रात्र पुन्हा डोळ्यांसमोर आली.

४ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत, वरच्या मजल्यांचे काम सुरू असतानाच, कोसळली आणि ७४ माणसे गेली. स्लॅबचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसले होते. बचाव पथकातल्या कोणी हात वर केला की जेसीबी थांबत असे आणि ढिगाऱ्याखालून हाक येते का, हे सगळे कान देऊन ऐकत असत. तेव्हा आम्हीही कॅमेरे खाली घ्यायचो, कारण त्या शांततेत शटरचा आवाजदेखील मोठा वाटत असे. अशाच एका शांततेत एक माणूस कडेला बसून मोबाइलवर पुन्हा पुन्हा एकच नंबर लावत होता आणि स्वतःचा फोन कानाला न लावता ढिगाऱ्याच्या दिशेने कान करून बसला होता. आत कुठे घंटी वाजते का, हे तो ऐकत होता. ते छायाचित्र मी दुरून काढले आणि कार्यालयात दिले नाही.

पडलेल्या इमारतीचे बारीक खांब दाखवणारी छायाचित्रे छापली गेली आणि छापली जायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र छायाचित्र काढणे आणि ते लोकांसमोर ठेवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसरा निर्णय घेताना ज्याचे छायाचित्र आहे त्याला कोणी विचारत नाही, हे मला या व्यवसायात सतत खुपत आले आहे. त्या माणसाचे नावही मला माहीत नाही. ज्यांनी अशी छायाचित्रे काढली, ज्यांनी ती पानावर लावली आणि ज्यांची ती काढली गेली, अशा सर्वांनी कृपया आपले अनुभव लिहावेत.

रात्रपाळी, ऐरोली :
मी पाने लावणाऱ्यांपैकी आहे. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटायच्या वेळेला मोठी बातमी आली की छायाचित्र निवडण्यासाठी हाताशी काही मिनिटेच असतात, आणि त्या मिनिटांत सगळ्यांत जास्त हलवून टाकणारे छायाचित्रच डोळ्यांत भरते. छिन्नविच्छिन्न मृतदेहांची छायाचित्रे टाळावीत आणि लोकांच्या दुःखात घुसखोरी करू नये, असे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत म्हटलेले आहे. प्रत्यक्षात मात्र पहाटे दुसऱ्या वृत्तपत्राने काय लावले असेल, ही धास्तीच अधिक बोलते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी प्रत्येक छायाचित्र लावण्यापूर्वी विचारत असत की, हे याच्या घरी उद्या सकाळी दारात पडेल तेव्हा ते प्रथम कोण उचलेल? त्यामुळे अनेकदा पानावरचे छायाचित्र बदलले गेले आहे, आणि अंक त्यामुळे कधी दुबळा झाला असे मला आठवत नाही.

कळव्याची लेक :
आमच्या बाबांचे छापले होते. रेल्वेच्या अपघातानंतर त्यांना रुळांवरून उचलून नेतानाचे, चेहरा स्पष्ट दिसणारे. आम्हाला रुग्णालयातून कळण्याआधी गावाहून काकांचा फोन आला, कारण त्यांच्या हाती अंक पोहोचला होता. तरीही त्या छायाचित्रकाराचा मला राग नाही, कारण बाबांना धरणारी चार अनोळखी माणसे त्यात दिसतात आणि ते एकटे नव्हते, हे आईला त्यावरूनच समजले. राग आहे तो छायाचित्राखालच्या ओळीचा. त्यात बाबांचे आडनाव चुकीचे छापले होते. आम्ही फोन केले, पत्र पाठवले, तरी दुरुस्ती आली नाही. आईने ते कात्रण जपून ठेवले आहे आणि चुकीच्या आडनावावर निळ्या पेनने रेघ मारून वर खरे आडनाव लिहिले आहे.

विटावा :
ताई, वाचून फार वाईट वाटले. आईंना माझा नमस्कार सांगा.

कोपरीतून :
या विषयावर मला नेहमी तो सुदानचा, भुकेल्या मुलामागे गिधाड बसलेला फोटो आठवतो. छायाचित्रकार मुलाला तसेच सोडून गेला, बक्षीस घेतले आणि त्या अपराधाच्या भावनेने त्याने जीव दिला, असा संदेश दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गटावर येतोच. माणुसकी आधी आणि कॅमेरा नंतर, एवढेच मला म्हणायचे आहे.

वाशी सेक्टर १७ :
माणुसकीविषयी आपले म्हणणे मान्य आहे, परंतु तो संदेश ते छायाचित्र काढणाऱ्या केव्हिन कार्टर यांच्यावर अन्याय करणारा आहे. त्यांचे छायाचित्र न्यूयॉर्क टाइम्समध्ये २६ मार्च १९९३ रोजी छापले गेले. मुलाचे पुढे काय झाले, अशी विचारणा इतक्या वाचकांनी केली की वृत्तपत्राला काही दिवसांत खुलासा करावा लागला. गिधाडाला हाकलल्यानंतर ते मूल पुन्हा अन्नकेंद्राकडे चालू लागले, पण ते तेथे पोहोचले की नाही हे माहीत नाही, असे त्यात म्हटले होते. ते मूल तेव्हा वाचले होते आणि तो मुलगा होता, हे पुष्कळ वर्षांनी एका स्पॅनिश वृत्तपत्राने त्या गावात जाऊन शोधून काढले. कार्टर यांना पुलित्झर पारितोषिक १९९४ मध्ये मिळाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी आत्महत्या केली, हे खरे आहे. परंतु त्याआधी अनेक वर्षे ते दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांमधली हिंसा टिपत होते आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा जवळचा मित्र आणि सहकारी छायाचित्रकार केन ऊस्टरब्रोक काम करतानाच गोळी लागून मारला गेला होता. एवढे सगळे त्या एका फोटोवर लादून आपण मोकळे होतो, आणि दुष्काळ व युद्ध यांविषयी काही बोलायचे उरतच नाही, हे मला अधिक अस्वस्थ करते.

कोपरीतून :
सर, हे मला ठाऊक नव्हते. आमच्या गटावर आपला हा मजकूर पाठवला तर चालेल का?

वाशी सेक्टर १७ :
अवश्य पाठवावा.

खारघर, टेकडीच्या बाजूचे :
इर्शाळवाडीला मी मदतीसाठी चढलो होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि दुसऱ्या दिवशी पायथ्यापासून वरपर्यंत पाऊस, धुके आणि घसरण होती. तेथे यंत्र पोहोचू शकत नव्हते, म्हणून सगळे काम कुदळ, फावडे आणि हात यांनी चालले होते. पायवाट इतकी अरुंद होती की स्ट्रेचर खाली येत असताना समोरून येणाऱ्याला चिखलात उतरून उभे राहावे लागे. काही छायाचित्रकार न सांगता बाजूला उतरत, कॅमेरा रेनकोटात झाकून घेत आणि स्ट्रेचरला पुढे हात लावत. काही जण मात्र वाट अडवून उभे राहत. नीती वगैरे मोठे शब्द मला येत नाहीत, पण त्या वाटेवर कोण कसा आहे हे लगेच समजत होते.

पायथ्याशी वाचलेल्या ठाकर आदिवासी कुटुंबांना बसवले होते. नुकतेच सर्वस्व गमावलेल्या बाईसमोर माइक धरून, तुम्हाला काय वाटते आहे, असे विचारणे मी स्वतः ऐकले आहे. ती काहीच बोलली नाही. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला. पुढे त्या कुटुंबांचे काय झाले, हे पाहायला किती कॅमेरे परत गेले, याचाही हिशेब कोणीतरी ठेवला पाहिजे.

नौपाडाकर :
आपण वाटेचे जे लिहिले आहे, ते नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवावे असे आहे.

नेरूळ, परिचारिका :
आमच्या कॅज्युअल्टीच्या दारात दोन्ही प्रकारची माणसे येतात. हल्ली मात्र वृत्तपत्राचे छायाचित्रकार मागे राहतात, आणि रुग्णासोबत आलेल्यांचे किंवा नुसत्याच जमलेल्या लोकांचे मोबाइल पुढे असतात. छायाचित्रकाराला निदान संपादक असतो, कायदा माहीत असतो. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही, हे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे, आणि ते पत्रकारांना सांगावे लागत नाही. मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते कोण सांगणार? तो ज्या गटावर व्हिडिओ टाकतो, तेथे त्याला थांबवणारे कोणीच नसते. लिहायचे अजून होते, पण ड्युटीची वेळ झाली.

कळव्याची लेक :
सिस्टर, हे अगदी पटले. अपघात झाल्यावर मदत करणाऱ्याला पोलीस अडकवत नाहीत, हेही लोकांना सांगायला हवे. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून तसे कलमच आहे. अनेक जण चौकशीच्या भीतीने हात लावत नाहीत आणि मग हातात मोबाइल तेवढा उरतो, असे मला वाटते.

तलावपाळी :
धागा एका बाजूला झुकतो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये सेबॅस्टियन डिसूझा हे छायाचित्रकार शिरले नसते, तर हातात रायफल घेऊन चालणारा कसाब जगाला त्या रूपात दिसला नसता. रेल्वेच्या डब्याचा आडोसा घेऊन त्यांनी ती छायाचित्रे काढली आणि पुढे न्यायालयात साक्षही दिली. त्या क्षणी त्यांच्या हातात कॅमेऱ्याशिवाय काही नव्हते आणि त्यांनी तो वापरला. त्याच दिवसांत वाहिन्या कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत होत्या आणि सीमेपलीकडून सूत्रे हलवणारे त्या पाहत होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कडक शब्दांत ताशेरे ओढले आहेत. दोन्ही ठिकाणी कॅमेराच होता. एकाने पुरावा जमवला आणि दुसऱ्याने आत अडकलेल्यांचा व जवानांचा जीव धोक्यात घातला. त्यामुळे कॅमेरा खाली ठेवावा, असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही.

रात्रपाळी, ऐरोली :
सरसकट तसे येथे कोणीच म्हणालेले नाही. प्रश्न दुबळ्या माणसाच्या चेहऱ्याचा आहे. २००२ मध्ये गुजरातमध्ये अर्को दत्त यांनी हात जोडून याचना करणाऱ्या कुतुबुद्दीन अन्सारी यांचे छायाचित्र काढले. त्या दंगलीची भीषणता जगापर्यंत पोहोचवण्यात त्याचा मोठा वाटा होता, हे निर्विवाद आहे. पण अन्सारी यांना ते छायाचित्र पुढे प्रत्येक गावात भेटत राहिले, कामे सुटली, गाव सोडावे लागले आणि राजकीय पक्षांनी त्यांना न विचारता तो चेहरा वापरला. छायाचित्र खरे होते, आवश्यक होते, आणि तरीही त्याची किंमत ज्याने मोजली त्याने ती कबूल केलेली नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक विसरून मला पान लावता येत नाही.

तलावपाळी :
हे मान्य करतो. माझा मुद्दा मर्यादित होता.

वाशी सेक्टर १७ :
याच्या उलट उदाहरण भोपाळचे आहे. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळतीनंतर पुरल्या जाणाऱ्या एका लहान मुलाचे छायाचित्र रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही काढले, आणि बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ते मूल कोणाचे, हे समजू शकले नाही. ज्याच्यासाठी बोलायला घरचे कोणी उरलेले नाही, त्याच्या बाजूने ते छायाचित्रच आज चाळीस वर्षांनंतरही न्याय मागत आहे. तेथे परवानगी कोणाकडे मागणार होते? म्हणून नौपाडाकर यांनी त्या फोन लावणाऱ्या माणसाचे छायाचित्र नष्ट मात्र करू नये, अशी माझी विनंती आहे.

खारघर, टेकडीच्या बाजूचे :
नष्ट करू नये आणि प्रदर्शनातही लावू नये. तो माणूस जिवंत असण्याची शक्यता आहे.

नौपाडाकर :
सर्वांचे मनापासून आभार. मुलांना मी इमारतीची, खांबांची आणि बचावकार्याची छायाचित्रे देणार आहे, आणि त्या इमारतीला परवानगी नव्हती तरी ती उभी कशी राहिली, हे सांगणारा मजकूर त्यांच्याशेजारी लावावा अशी अट घालणार आहे. ज्यांत शोक करणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो, ती छायाचित्रे देणार नाही. मुंब्र्यातले काही जुने कार्यकर्ते ओळखीचे आहेत. त्यांच्यामार्फत त्या माणसाचा शोध घेता येतो का, हे पाहतो, आणि तो भेटला तर छायाचित्राचे काय करायचे हे त्याने ठरवावे. तलावपाळी यांना हे कदाचित अति सावध वाटेल.

तलावपाळी :
थोडे वाटते. पण ती छायाचित्रे तुमची आहेत आणि तुम्ही तेथे होतात.

रात्रपाळी, ऐरोली :
कळव्याची लेक, तुमच्यासाठी एक सांगायचे राहिले. प्रेस कौन्सिलकडे दैनिकाविरुद्ध तक्रार करण्याची मुदत साधारणपणे प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची असते, त्यामुळे तो मार्ग आता कठीण आहे. परंतु बहुतेक वृत्तपत्रांनी जुने अंक संगणकावर आणले आहेत आणि तेथील छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करता येते. अंकाची तारीख, पान क्रमांक आणि बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून थेट संपादकांच्या नावे लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि संग्रह विभागालाही प्रत पाठवा. मजकूर लिहायला मदत हवी असेल तर मी करीन.

कळव्याची लेक :
हवी आहे. कात्रणावर तारीख आहे, पान क्रमांक मात्र कापला गेला आहे. आईला विचारून सांगते.