पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पानाचा रंग मोबाइल बदलवते काय? फोटोवरून रोग ओळखायचा आहे

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. पऱ्हाटी सध्या पात्या-फुलांवर आहे. काही दिवसांपासून पानांच्या कडा पिवळ्या पडून राहिल्या, काही पानं कडेनं लालसर होऊन खाली वळली. पान तोडून मोबाइलवर फोटो काढला अन् ओळखीतल्या एका कृषी पदवीधराला व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर आलं, "पान तर हिरवंगार आहे, कीड काही दिसत नाही." इकडे मी पान हातात घेऊन उभा. कड पिवळी आहे हे डोळ्यांनी दिसते, फोटोत मात्र नाही.

मोबाइल 108 मेगापिक्सेलचा आहे. दुकानदार म्हणतो याहून महागाचा घ्या. पण तुडतुडे (रस शोषणारी बारीक कीड) समजून फवारा मारायचा की लाल्या (पान लाल पडण्याचा विकार) समजून मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं, हे या फोटोवर ठरायचं आहे. म्हणून विचारून राहिलो: असं काहून होते? सेन्सर कमी पडते की आणखी काही?

लेन्सवाला (पुसद)

दादा, 108 च्या आकड्यावर जाऊ नका. लग्नाचे फोटो काढतो म्हणून हे रोजच्या कामातलं आहे. तुमच्या मोबाइलचा सेन्सर बोटाच्या नखाहून लहान, त्यावर 108 दशलक्ष पिक्सेल बसवायचे म्हणजे एकेक पिक्सेल साधारण 0.7 ते 0.8 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो. माझ्या 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर 23.5 बाय 15.6 मिलिमीटर, त्यात एक पिक्सेल जवळपास 3.9 मायक्रॉनचा. आता भिंगाचा हिशेब पाहा. एफ 1.8 चं (हा आकडा भिंगाच्या उघडीपेचा) भिंग कितीही चांगलं असलं तरी हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे 2.4 मायक्रॉन रुंद पडतो, तो प्रकाशाचा गुणधर्मच आहे. म्हणजे एका बिंदूखाली तीन-तीन पिक्सेल झाकले जातात. म्हणून तर मोबाइल स्वतःच नऊ पिक्सेल एकत्र करून 12 मेगापिक्सेलचा फोटो देतो. तेवढा पानासाठी भरपूर आहे. नवीन मोबाइल घेऊ नका.

वावरातली ताई (दिग्रस)

पुसदच्या दादांनी सेन्सरचं बरोबर सांगितलं. पण भाऊ, तुमचं पान सेन्सरनं हिरवं केलेलं नाही, सेन्सरनंतर जे होते त्यानं केलं आहे. मी कृषी केंद्र चालवते. पावसाळ्यात काउंटरवर दिवसभर अशाच फोटोंवर बोलावं लागते, अन् चुकीच्या फोटोवरून चुकीचं औषध गेलेलं पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेन्सरला मुळात रंग कळत नाही, किती उजेड पडला तेवढंच कळते. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी काच असते. निम्म्यांवर हिरवी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, पेटंट 1976 चं. म्हणजे एका जागी एकच रंग खरा मोजला जाते, बाकीचे दोन शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजानं भरतात. तुमच्या 108 मध्ये तर नऊ-नऊ पिक्सेलांच्या गटावर एकच रंग असतो. पानाचा मोठा भाग एकाच रंगाचा असला तर अंदाज बरोबर येतो. पण शिरेच्या बाजूची बारीक पिवळी रेघ किंवा ठिपका आला की तिथंच तो ढळतो.

मग पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स). कॅमेऱ्याला पांढरं कोणतं हे माहीत नसते, चित्रातल्या रंगांवरून तो ते ठरवते. सगळी चौकट हिरव्या पानानं भरली तर त्याला तुलना करायला काहीच उरत नाही. त्यात हल्लीचे मोबाइल पान ओळखतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात पानाचं बारीक चिन्ह दिसते ना, तेच. ते दिसलं की हिरवा गडद अन् तजेलदार करून टाकते. सहलीच्या फोटोला ते छान, पण आपल्याला जो फिकेपणा दाखवायचा तोच ते पुसून टाकते. तुमची पिवळी कड बहुतेक इथंच गेली.

उलटंही होते, अन् ते मला जास्त घातक वाटते. धार वाढवण्यासाठी मोबाइल प्रत्येक कडेवर उजळ बाजूला आणखी उजळ रेघ ओढते. आपल्याकडे पानामागे काळी माती. काळ्या मातीवर ठेवलेल्या निरोगी पानाच्या कडेला त्यामुळे फिकट पट्टी उमटते. पाहणाऱ्याला वाटते, कड पिवळी पडली! असा फोटो आला की मी आधी पान आणायला सांगते.

आता कीड. ढगाळ दिवशी उजेड कमी, लहान सेन्सरवर दाणे उमटतात. एका पिक्सेलवर प्रकाशाचे 100 कण आले तर त्यात 10 इकडेतिकडे व्हायचेच, दहा टक्के. 10,000 आले तर 100, म्हणजे एकच टक्का. उजेड कमी की चूक जास्त, एवढाच हिशेब. मोबाइल म्हणून एका दाबात अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढते, नऊ घेतले तर दाणे तिसऱ्या हिश्श्यावर येतात. पण वाऱ्यानं पान हललं की सरासरी फिसकटते. उरलेले दाणे गुळगुळीत करताना फुलकिडाही (पानावरची बारीक कीड) जाते. डवऱ्याला (तण काढायच्या अवजाराला) तण अन् पीक वेगळं कळत नाही, तसंच हे.

अंतराचा हिशेब करून पाहा. 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 पिक्सेल रुंद. मोबाइल पानापासून वीतभरापेक्षा थोडा कमी, 15 सेंटिमीटरवर धरला तर मुख्य कॅमेऱ्यात सुमारे 20 सेंटिमीटर रुंदी मावते. मिलिमीटरभराचा फुलकिडा 20 पिक्सेल लांब येते. उभ्यानं दीड मीटरवरून काढला तर तोच 2 पिक्सेल! अन् व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की रुंदी सुमारे 1600 पिक्सेलवर उतरते, म्हणजे जवळून काढलेला फुलकिडाही 8 पिक्सेलचा होते. वर जेपीईजीमध्ये (फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये) रंगाची माहिती उजेडाच्या पाव भागानंच साठवलेली असते. बारीक पिवळे ठिपके हिरव्यात विरघळतात ते त्यामुळे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी असं करायला लावते. झाडाच्या मधल्या भागातलं पान देठासकट तोडून धुऱ्यावर (बांधावर) आणायचं. दाट पऱ्हाटीच्या आत उजेडच हिरवा असतो, तिथं कोणताही कॅमेरा रंग चुकवणारच. मोकळ्या आकाशाखाली स्वतःच्या सावलीत कोऱ्या पांढऱ्या कागदावर पान ठेवायचं, आधी वरची बाजू, मग खालची. कागदाची पट्टी फोटोत दिसली पाहिजे. पाहणाऱ्याला कळते की कागद निळसर आला तर पानाचा रंगही त्याच बाजूला सरकला. भर दुपारच्या उन्हात नको, पान चकाकते अन् चकाकलेल्या जागी रंगच उरत नाही. सेटिंगमधला एआय किंवा सीन ओळखणारा पर्याय बंद. प्रो मोड असेल तर पांढऱ्याचा तोल हातानं ढगाळवर ठेवा. दोन मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा अनेक स्वस्त मोबाइलमध्ये देतात, तो वापरूच नका. मुख्य कॅमेरा जवळून धूसर दिसत असेल तर थोडं मागं सरका. अन् पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडा, मूळ फाइल जाते.

शेवटचं, तुडतुड्यांसाठी फोटोपेक्षा व्हिडिओ बरा. पान उलटं केलं की तुडतुड्यांची पिल्लं तिरपी पळतात, ती चाल पाहिली की शंका राहत नाही. दर पानामागे दोन-तीन दिसली तर फवाऱ्याचा विचार करायचा, अन् ती मोजणी तुम्ही वावरातच करा, फोटोतून नको. लाल्यात पान लाल होते, शिरा बराच काळ हिरव्या राहतात. कडेपासून पिवळं-लाल होऊन पान खाली वळत असेल तर आधी खालची बाजू पाहा.

लेन्सवाला (पुसद)

ताईंच्या म्हणण्यात एक जोडतो. ज्यांच्या मोबाइलमध्ये रॉ फाइलची (सेन्सरनं मोजलेली मूळ नोंद) सोय आहे त्यांनी ती पण काढून ठेवा. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, माझ्या कॅमेऱ्याच्या 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. अन् पांढऱ्याचा तोल नंतरही बदलता येतो.

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

ताई, आज सकाळी तसंच केलं. पावती पुस्तकाचं कोरं पान खाली ठेवलं, एआय बंद केलं. पहिल्याच फोटोत पिवळी कड आली. एआय चालू करून परत काढला तर कड निम्मी हिरवी! दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तेव्हा विश्वास बसला. पान उलटं केलं तर पिल्लं तिरपी पळाली, पाच पानं तपासली, प्रत्येकावर तीन-चार. व्हिडिओ डॉक्युमेंट करून त्या कृषी पदवीधराला पाठवला, त्यांचा फोन लगेच आला, तुडतुडेच म्हणाले. मॅग्नेशियमचा खर्च वाचला.

सोयाबीन_रिसोड

ताई, मले एक सांगा. मी दिवसभर मजुरीवर रायतो, वावरात जाईलोक अंधार पडते. सोयाबीनवर पिवळा मोझॅक (पानावर पिवळे चट्टे पडते तो रोग) हाय का पायचं हाय. टॉर्च लावून फोटो काढला तर चालन काय?

वावरातली ताई (दिग्रस)

नाही भाऊ, मोझॅकसाठी तर मुळीच नाही. मोबाइलची टॉर्च जवळून मारली की मधोमध पांढरा झोत अन् कडेला काळोख येते, अन् त्या एलईडीच्या उजेडात पिवळा-हिरवा फरक उन्हासारखा उठत नाही. शेंड्याकडची दोन-तीन पानं देठासकट तोडा, ओल्या फडक्यात गुंडाळून घरी न्या. सकाळी कामावर निघायच्या आधी अंगणात कागदावर ठेवून काढा, वरच्या बाजूचा अन् उजेडाकडे धरून एक. रोगट म्हणून झाडं उपटायची असतील तर फोटो मला दाखवूनच उपटा.