जुन्या अंकलिपीचं साल कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं जुन्या सचित्र अंकलिप्या जमवतोय. आतापर्यंत २३ झाल्या. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून पिशवी घेऊन आलो की घरचे आता विचारतही नाहीत. तिकिटं-नाणी जमवणाऱ्यांना निदान कॅटलॉग तरी असतो. अंकलिपी पोरांनी चघळून, फाडून संपवायची वस्तू, ती जपून कोण ठेवणार? मिळालीच तर तिच्यावर साल नसतं.

सध्या एका प्रतीने छळलंय. मावशीच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडली. मुखपृष्ठ आणि पहिलं पान गायब, शेवटचं अर्धं उरलंय. चित्रं काळ्या शाईतली, जाड रेषांची. त्यात थ थडग्याचा आहे! (हल्ली तिथे थवा नाहीतर थर्मास असतो. मला थडगंच बरं वाटतं.) ई ईडलिंबाचा, औ औताचा. ङ आणि ञ यांच्यापुढे नुसती रिकामी चौकट, त्यात कुणीतरी पेन्सिलीने मांजर काढलंय. मांजर मावशीचं की मामाचं, यावर दोघांचं अजून एकमत नाही.

मागे तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि चक्क औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. मावशी तो आजही घडाघडा म्हणते. पुढे कोष्टकं: ३ पै म्हणजे १ पैसा, ४ पैसे म्हणजे १ आणा, १६ आणे म्हणजे १ रुपया. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. इथवर वाचून मी खुशीत ‘स्वातंत्र्यापूर्वीची’ असं ठरवून टाकलं होतं. मग त्या अर्ध्या पानावर बारीक टायपात हे दिसलं: १ आणा ६ नवे पैसे, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. (तिसऱ्या आण्याला मध्येच सात का, म्हणून मी चक्रावलो होतो. आणा सव्वासहा पैशांचा, त्यामुळे ते पूर्णांकात बसवलेलं आहे.) नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. म्हणजे फार आधीची नक्की नाही. पण नंतरची किती?

चित्रांवरून काही ठरत नाही. माझ्याकडच्या दोन वेगळ्या प्रकाशकांच्या अंकलिप्यांत एकच यज्ञकुंड आहे, त्याच तुटक्या कोपऱ्यासकट. चित्रं छापायचे ब्लॉक (ठसे) हातोहात फिरत असणार.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मधल्या पिना गंजून कागद तपकिरी झालाय, काय करू? मागे एका दुकानात एक अंकलिपी हौसेने लॅमिनेट करून घेतली, ती आता पापडासारखी झालीय, तेव्हा तो उपाय नको. आणि ही स्कॅन करून सगळ्यांसाठी टाकली तर चालेल का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
कोष्टकांवर फार विसंबू नका. शेर-मण कायद्याने गेले तरी छपाईचे जुने खिळे (अक्षरांचे टाइप) जुळवून ठेवलेले असत, तोच मजकूर पुन्हा छापला जाई. त्यापेक्षा ‘नवे’ हा शब्द धरा. १ जून १९६४पासून तो अधिकृतपणे गळाला आणि नुसता ‘पैसा’ राहिला. दुसरं, मुद्रकाची ओळ शोधा. १८६७च्या कायद्यापासून पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण छापणं बंधनकारक होतं. बहुतेक वेळा ती शेवटच्या पानाच्या तळाशी असते. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरची.

प्रतिसाद २
पिना ओढू नका, कागद फाटेल. मागच्या बाजूने पाय हलके सरळ करा, मग काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा घाला. सेलोटेप अजिबात नको. पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका, आम्लविरहित कागदात गुंडाळून आडवी ठेवा. नोंदी फक्त पेन्सिलीने.
स्कॅनचं म्हणाल तर लेखक-चित्रकाराचं नाव कुठेच नसेल आणि ते बाहेरही आलं नसेल, तर आपल्याकडे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. १९६४ची धरली तरी २०२४अखेर मुदत संपली. नाव सापडलं तर मात्र हिशेब बदलेल.
आणि ते मांजर खोडू नका!

धागाकर्ता
दोघांचेही आभार. भिंग घेऊन बसलो. तळाशी फाटलेल्या कडेवर ‘...णालय, मुंबई ४’ (म्हणजे गिरगाव) एवढंच उरलंय. पिनकोड नाही. म्हणजे १९५७ ते ६४च्या आसपासची धरतो, डब्यावर पेन्सिलीने तसं लिहिलं. गिरगावातल्या जुन्या छापखान्यांची माहिती असलेलं कुणी इथे असेल तर ‘णालय’ने संपणारी नावं सुचवा. (‘मुद्रणालय’ असणार हे कळतंय, त्याच्या आधीचं हवंय.)

पिना निघाल्या. एका पानाचा कोपरा गेला, थडगं शाबूत आहे.